सणाच्या जेवणास स्वस्त गोड : मंद आचेवरील गव्हाची खीर

सण आला म्हणजे पानात गोड हवेच. परंतु ते गोड घरच्या धान्याचे असावे की बाजारच्या पेटीतले, हा प्रश्न अलीकडे आमच्या भागात उभा राहिला आहे. चाकण परिसरात १९९९ साली बजाजचा व २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. रोख पैसा हाती खेळू लागला आणि त्याबरोबर मिठाईच्या पेट्याही घरोघरी येऊ लागल्या. पैसा असणाऱ्याने तो खर्चावा, याविषयी आमची तक्रार नाही. परंतु ज्याचे सर्व उत्पन्न कांद्याच्या भावावर टांगलेले, त्यानेही शेजाऱ्याकडे पाहून उसनवारी करावी, हे शहाणपणाचे नव्हे. महसूल खात्याच्या नोकरीत असता सातबाऱ्यावर बोजांच्या नोंदी आम्ही पुष्कळ उतरविल्या. कागदोपत्री कर्ज पिकाचे, परंतु पैसा गेला सणाकार्याला, असे खातेदारांच्याच तोंडून अनेकदा ऐकावयास मिळे. शिवाय सणाच्या तोंडावर भेसळीचा खवा पकडल्याच्या वार्ता दरवर्षी येतात, त्या वेगळ्याच.

यास्तव कमी खर्चाचे, पोटभरीचे व देवाच्या नैवेद्यास चालणारे एक जुने पक्वान्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. ते म्हणजे सडलेल्या गव्हाची गुळाची खीर. पुरणपोळीला मान मोठा खरा, पण तिच्यापायी घरच्या बायका सणाच्या दिवशी सकाळपासून चुलीपुढे अडकतात. खिरीचे तसे नाही. तिचे मुख्य काम रात्री, माणसे निजली असता, आपोआप होते.

हे कसे घडते, ते प्रथम समजून घ्यावे. गव्हातील पिष्ट सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी शोषून फुगू लागते. म्हणजे दाणा शिजण्यास खळखळ उकळी सतत लागते असे नाही. एकदा उकळी आणून ती उष्णता भांड्यात धरून ठेवली, तर दाणा आतपर्यंत मऊ होतो, फुटत नाही व बुडास लागत नाही. इंधन खर्च होते ते बव्हंशी निसटणारी उष्णता भरून काढण्यासाठी. उष्णता निसटूच दिली नाही, तर इंधनही वाचते आणि राखणही वाचते.

आमच्या आज्या हे जाणून होत्या. रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावर खिरीचे पातेले वैलावर वा फुफाट्यात ठेवून त्या निजत. कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढलेल्या इकमिक कुकरात तळाशी थोडे कोळसे व वर डब्यांची चळत असे. अन्न वाफेवर सावकाश शिजे. अमेरिकेत अर्व्हिंग नॅक्सन यांनी मंद आचेच्या विजेच्या भांड्याचे पेटंट १९४० साली मिळविले. लिथुआनियातील ज्यू घरांत शब्बाथकरिता भट्टीत रात्रभर ठेवल्या जाणाऱ्या कालवणाची हकीकत त्यांनी आपल्या आईकडून ऐकली होती. तीच या भांड्याची मूळ कल्पना होय. असे भांडे आज कोणाच्या घरी असेल, तर २०० वॅटचे भांडे ८ तास चालवून १.६ युनिट वीज लागते. परंतु खिरीकरिता ते मुद्दाम विकत घेण्याचे कारण नाही. पेंढ्याची पेटी तेच काम फुकट करिते.

पेंढ्याची पेटी. पातेल्याच्या चहूबाजूंस एक वीत जागा राहील असे लाकडी खोके किंवा मोठी टोपली घ्यावी. आत गोणपाटाचे अस्तर द्यावे. तळाशी भाताचा कोरडा पेंढा किंवा गव्हाचे काड दाबून भरावे व मध्ये पातेल्याच्या आकाराचा खळगा करावा. वर झाकण्यास जुनी गोधडी चौघडी करून घ्यावी. पेंढा ओला वा बुरसलेला नसावा. पहिल्या महायुद्धात इंधनाची टंचाई पडली, तेव्हा युरोपातील गृहिणी अशाच गवताच्या पेट्या वापरीत.

साहित्य, सुमारे १५ माणसांस. सडलेला खपली गहू अर्धा किलो, पाणी अडीच लिटर, गूळ अर्धा किलो, अर्ध्या नारळाचे काप, खसखस एक मोठा चमचा, सुंठपूड एक लहान चमचा, ८ वेलदोडे, जायफळ थोडेसे, चिमूटभर मीठ, वाढतेवेळी दूध एक लिटर व ऐपतीप्रमाणे तूप. गहू व दूध घरचे असले, तर रोख पैसा गूळ, नारळ व मसाला यांपुरताच काढावा लागतो.

कृती. गहू घरी सडावयाचा असल्यास त्यास पाण्याचा हात लावून तासभर झाकून ठेवावा, उखळात हलक्या हाताने कांडावा व कोंडा पाखडून टाकावा. सडलेला गहू धुऊन सकाळी भिजत घालावा. रात्री तो जाड बुडाच्या पातेल्यात मीठ व पाणी घालून २० मिनिटे चांगला उकळावा. पातेले जवळजवळ भरलेले असावे. अर्धे रिकामे पातेले लवकर निवते. झाकण घट्ट बसवून, उकळी चालू असतानाच, पातेले पेटीत ठेवून गोधडीने झाकावे. मध्ये उघडून पाहू नये. पहाटे काढून पुन्हा खळखळ उकळावे. दाणा दोन बोटांत सहज चिरडला की शिजला असे समजावे. कसर राहिल्यास आणखी थोडा वेळ चुलीवर ठेवावा. मग डावाने तिसरा हिस्सा दाणे घोटावे, म्हणजे खीर मिळून येते.

गूळ यानंतरच घालावा, आधी नव्हे. गूळ पाणी ओढून घेतो व अर्धकच्चा दाणा टणक राहतो. थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, खडे काढून तो खिरीत ओतावा व १५ मिनिटे मंद आचेवर ढवळावे. नारळ, भाजून वाटलेली खसखस व मसाला शेवटी घालावा. दूध चुलीवरच्या खिरीत ओतू नये, कारण गुळाच्या आंबटपणाने ते फाटते. पानात खीर वाढून वर कोमट दूध घ्यावे.

सावधगिरी. पितळी पातेले असल्यास कल्हई ताजी असावी. निखाऱ्यांची शेगडी दारे लावून निजण्याच्या खोलीत कदापि ठेवू नये. तिच्या विषारी वायूने प्राण जातात. पेटीतील पातेले सकाळी कोमट लागले किंवा वास आंबूस आला, तर ते अन्न टाकून द्यावे. तयार खीर गरम ठेवावी. निवलेली दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये. मधुमेही माणसांनी गूळ म्हणजे साखरच, हे विसरू नये.

या पक्वान्नाचा आणखी एक गुण आजच्या चाकणास फार उपयोगी आहे. घरचा एक मुलगा पहिल्या पाळीस, दुसरा रात्रपाळीस, आणि सणासही सर्व माणसे एका पंगतीस बसत नाहीत. पुरी निवली की चामट होते. खिरीचे पातेले मात्र पुन्हा उकळून पेटीत ठेविले, की उशिरा येणाऱ्यासही तीच ऊन वाटी मिळते.

गव्हाची अशी खीर आपल्याकडेच होते असे नाही. रशिया व युक्रेन येथे नाताळच्या आदल्या रात्री अख्ख्या गव्हाची, मध व खसखस घातलेली कुत्या करितात. तुर्कस्थानात गहू, कडधान्ये व सुका मेवा यांची आशुरे करून शेजाऱ्यांस वाटतात. शेतकऱ्याने आपल्याच धान्याचा सण करावा, ही रीत पुष्कळ देशांत आढळते.

शेवटी एक सूचना. खपली गहू महाराष्ट्रात मुख्यतः सातारा, सांगली व कोल्हापूरकडे होतो व तांबेऱ्यास चांगला टिकाव धरितो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस २९७१ हे त्याचे बुटके वाण काढिले आहे. ज्यांस पाण्याची सोय आहे, त्यांनी येत्या नोव्हेंबरात कांद्याच्या वावराकडेला दोन-तीन गुंठे खपली घरापुरती पेरून पाहावी. तोवर दुकानातून अर्धा किलो आणून येत्या सणास ही खीर करावी. पाहुण्यास वाटी पुढे करिताना हे आमच्या घरचे, असे म्हणता येणे, यात जो मान आहे तो उधारीच्या पेटीत नाही.