बांगडी, सूज आणि हलका हात

मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिकाग्रंथीही काढल्या. जखम भरली, किरणोपचार संपले, घर निवांत झाले. आठ महिन्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, तिने उजव्या हातात बांगडी चढवायला घेतली आणि ती पेरांपाशीच अडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गरम तेलाने दाबून चोळा, उतरेल." मी चार दिवस मनापासून चोळले. सूज वाढली. माझे काय चुकले, हे शोधताना जे समजले ते इथे मांडतो आहे.

रक्त केशवाहिन्यांतून जाताना त्यातले पाणी आणि थोडी प्रथिने पेशींभोवती झिरपतात. हा द्राव लसिकावाहिन्या उचलतात आणि गळ्याच्या मुळाशी मोठ्या शिरांमध्ये परत सोडतात. दिवसाकाठी दोन ते चार लीटर लसिका अशी रक्तात परतते. या वाहिन्या पहिल्यांदा नीट ओळखल्या त्या इटालियन शल्यवैद्य गास्पारे आसेल्ली यांनी, 1622 मध्ये. नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्यालगत त्यांना पांढरे दोरे दिसले. आधी त्यांना ते मज्जातंतू वाटले. एक कापला तेव्हा दुधासारखा द्राव बाहेर आला.

लसिकेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, आतल्या झडपा, स्नायूंची हालचाल आणि श्वास यांवर ती पुढे सरकते. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हाताचा मुख्य रस्ताच तुटतो. प्रथिने साचतात, ती पाणी धरून ठेवतात आणि कालांतराने तो भाग घट्ट होतो. काखेतल्या बहुतेक ग्रंथी काढलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचातल्या एकीला ही सूज येते. फक्त पहिल्या एक-दोन ग्रंथी तपासण्यापुरत्या काढल्या, तर साधारण विसातल्या एकीला.

आता माझी चूक. लसिकेच्या सुरुवातीच्या वाहिन्या त्वचेच्या अगदी खाली असतात. त्वचा हलकेच ताणली की त्यांची तोंडे उघडतात. जोराने रगडले की त्या भागाकडे रक्त जास्त येते आणि झिरपणेही वाढते. डॅनिश उपचारक एमिल फॉडर आणि त्यांच्या पत्नी एस्ट्रिड यांनी 1930 च्या दशकात अशी हलक्या हाताची पद्धत बसवली आणि 1936 मध्ये पॅरिसमध्ये ती मांडली.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी मावशीच्या हाताला आधी स्पर्शच केला नाही. सुरुवात मान आणि छातीपासून, मग दंड, मग कोपराखालचा भाग, शेवटी बोटे. प्रत्येक वेळी दिशा मात्र धडाकडे. शेतकरी पाट साफ करतो तसेच हे: पुढची वाट मोकळी नसेल, तर मागून पाणी ढकलून काय उपयोग?

पण नुसत्या मालिशीवर भिस्त ठेवू नये. खरे काम दाबाच्या पट्ट्या करतात. नंतर त्यांची जागा मापाची घट्ट बाही घेते. मालिशीचा फायदा त्यात थोडी भर घालण्यापुरताच. जोडीला त्वचेची निगा आणि व्यायाम. "त्या हाताने काही उचलू नका" हा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. 2009 मध्ये अमेरिकेत अशी सूज असलेल्या 141 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. देखरेखीखाली हळूहळू वजन उचलल्याने सूज वाढली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग कमी झाले. ते वाचून मावशीने वर्षभरानंतर नातवाला कडेवर घेतले, बाही घालून आणि ताईंना विचारूनच.

हात अचानक लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर मालिश थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तो जंतुसंसर्ग असू शकतो. हृदयविकार असेल किंवा शिरेत रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज मालिश नकोच.

मावशीचा हात पूर्ववत झालेला नाही. होईल असे कोणी सांगितलेही नव्हते. पण दर रविवारी ती शिंप्याच्या टेपने ठरलेल्या जागी मापे घेते आणि वहीत लिहिते. यंदाही अभ्यंगाला तेल मीच लावणार आहे. त्या हाताला मात्र फक्त त्वचा हलेल एवढाच हात.