मिरीचा चोर म्हणून बदनाम झालेला रानउंदीर

कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूतला सह्याद्री सोडला, तर मलबारी काटेरी डॉरमाउस जगात कुठेच आढळत नाही. हातभरही लांबी नसलेला, रात्री झाडांवर वावरणारा हा प्राणी. शेपटी मात्र बाटली धुण्याच्या ब्रशासारखी झुपकेदार, टोकाला पांढरी.

डॉरमाउसांसारख्या या शेपटीमुळेच पहिला गैरसमज झाला. १८५९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयातील एडवर्ड ब्लाइथ यांनी या जातीचे वर्णन केले, आणि पुढे बराच काळ तिची गणना डॉरमाउसांमध्ये होत राहिली. युरोपातले डॉरमाउस हिवाळाभर झोपून काढतात, म्हणून हाही झोपाळू असेल असे वाचणाऱ्याला सहज वाटते. पण तो डॉरमाउस नाहीच. खऱ्या डॉरमाउसांना बहुधा जबड्याच्या प्रत्येक बाजूला चार दाढा असतात, याला उंदरांसारख्या तीनच. तरीही तो घरातल्या उंदराचा जवळचा भाऊबंद नव्हे. उंदीर-घुशींच्या प्रचंड गोतावळ्यातून फार पूर्वी, सर्वांच्या आधी वेगळे झालेले हे घराणे आहे. त्याचे उरलेले नातलग थेट दक्षिण चीन आणि व्हिएतनामच्या जंगलात राहतात. त्यांच्यातल्या चार जाती वटवाघळांसारखा प्रतिध्वनी ऐकून अंधारात वाट काढतात, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले. इतके जुने आणि इतके विखुरलेले कुळ आपल्या घाटात टिकून आहे, याचे मला फार अप्रूप वाटते.

‘काटेरी’ म्हणजे साळिंदरासारखा काटे फेकणारा, हेही खरे नाही. (साळिंदरसुद्धा काटे फेकत नाही.) याचे काटे चपटे, पाठीच्या केसांत मिसळलेले असतात, पोटाकडची लव मऊ असते.

आता मुख्य आरोप. मळेवाले त्याला मिरीचा उंदीर म्हणत आले. तो पिकलेली मिरी खातो, फणस खातो, ताडीच्या मडक्यातही तोंड घालतो, अशा नोंदी एकोणिसाव्या शतकापासून आहेत आणि त्या खोट्या नाहीत. पण तेवढ्यावरून तो मळ्यांचा प्राणी ठरत नाही. तमिळनाडूतल्या कळक्काड-मुंडनथुराईच्या वर्षावनात झालेल्या अभ्यासात तो दाट छताच्या, कमी तुटलेल्या रानात अधिक आढळला. मळा त्याच्या घरापाशी आला, तो मळ्यापाशी गेला नाही.

पोकळ झाडाच्या ढोलीत पाने-शेवाळ अंथरून तो राहतो. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे. घाटात ज्यांची मिरी-कॉफीची बाग आहे, त्यांनी ढोलीचे जुने झाड निरुपयोगी समजून तोडू नये, ही कळकळीची विनंती.