शितावरून भाताची परीक्षा

आटपाडीच्या बाजारात डाळिंबांचे सौदे होताना तुम्ही पाहिले असतील. व्यापारी प्रत्येक फळ फोडून पाहत नाही. क्रेटमधली दोन-चार फळे हातात घेतो आणि भाव सांगतो. घरी आईसुद्धा भात शिजला का हे पाहण्यासाठी एकच शीत बोटांनी दाबते. म्हणून तर मराठीत 'शितावरून भाताची परीक्षा' अशी म्हण आहे.

पण त्यात एक अट आहे. क्रेटमध्ये वर मोठी आणि खाली बारीक फळे भरलेली असतील, तर नुसती वरची पाहणारा फसतो. वरची, मधली आणि तळाची अशी सगळीकडची फळे पाहावी लागतात.

२०२० साली आपल्या देशातील एका सरकारी संस्थेने हीच रीत वापरून एका कठीण प्रश्नाचे उत्तर शोधले. त्या कामात आपला सांगली जिल्हाही होता.

या संस्थेचे नाव भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद. तिला आय.सी.एम.आर. असेही म्हणतात. तिची सुरुवात १९११ साली झाली आणि १९४९ साली तिला आजचे नाव मिळाले. तिचे मुख्य कार्यालय नवी दिल्लीत आहे. आरोग्याविषयीच्या संशोधनाला ती पैसा पुरवते, मार्गदर्शन करते आणि आपल्या संस्थांमधून स्वतःही संशोधन करते. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ही तिचीच एक संस्था होय.

३० जानेवारी २०२० रोजी भारतात कोरोनाचा पहिला रुग्ण केरळमध्ये आढळला. त्याच्या नमुन्याची तपासणी पुण्याच्या या संस्थेत झाली. मार्चमध्ये सांगली जिल्ह्यात इस्लामपूर येथे रुग्ण सापडले. मग सगळा देश घरात बसला. तुम्ही तेव्हा लहान होता, पण बंद शाळा तुम्हांला आठवत असेल.

आता एक मोठा प्रश्न उभा राहिला. रुग्णालयात येणाऱ्यांची मोजणी होत होती. पण काही लोकांना लागण होऊनही त्रास होत नव्हता. त्यांना कोण मोजणार? देशातील सगळ्यांची तपासणी करणे शक्य नव्हते. मग परिषदेने शिते निवडली.

प्रथम ७० जिल्हे निवडले. काही खूप रुग्णांचे, काही थोड्या रुग्णांचे, तर काही एकही रुग्ण नसलेले. महाराष्ट्रातील सांगली, बीड, परभणी, नांदेड, अहमदनगर आणि जळगाव हे जिल्हे त्यांत होते. प्रत्येक जिल्ह्यातील दहा गावे किंवा शहरांतील वॉर्ड निवडले. प्रत्येक ठिकाणी सुमारे चाळीस घरे आणि एका घरातून एकच प्रौढ माणूस. ही निवड कोणाच्या ओळखीने किंवा आवडीने झाली नाही. वरची फळे आणि तळाची फळे, दोन्ही आली पाहिजेत, हाच हेतू होता.

मे आणि जून २०२० मध्ये आरोग्य कर्मचारी ३०,२८३ घरी गेले. त्यांनी काम समजावून सांगितले, संमती घेतली आणि थोडेसे रक्त घेतले. शरीरात विषाणू शिरला की रक्तात त्याच्याशी लढणारी प्रतिपिंडे तयार होतात. आजार गेल्यावरही ती काही काळ राहतात. पायाचा ठसा पाहून कोणी येऊन गेल्याचे कळते, तसेच हे आहे. हा ठसा ओळखण्याची चाचणी पुण्याच्या संस्थेनेच तयार केली होती. तिचे नाव 'कोविड कवच'.

उत्तर काय मिळाले? शंभरात एकापेक्षाही कमी, म्हणजे हजार प्रौढांमध्ये साधारण सात जणांना लागण होऊन गेली होती. याचा अर्थ दुहेरी होता. नोंद झालेल्या रुग्णांपेक्षा लागण झालेले लोक कितीतरी पटींनी जास्त होते. तरीही बहुतेक लोकांना धोका अजून होताच. म्हणून सावधपणा सोडून चालणार नव्हते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच ७० जिल्ह्यांत पुन्हा पाहणी झाली. तेव्हा दहा वर्षांवरील पंधरा जणांमागे एकाला लागण होऊन गेल्याचे दिसले. वर्ष संपताना सुरू झालेल्या तिसऱ्या पाहणीत हे प्रमाण पाच जणांमागे एक इतके झाले.

याच वर्षी पुण्यात वेगळ्या केलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या एका कंपनीने परिषदेच्या साहाय्याने लस बनवली. १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले. लसीची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण त्या पहिल्या पाहणीत रक्त देणाऱ्या २८,००० माणसांची आठवण कोणी काढत नाही. ती माणसे आजारी नव्हती. रक्त देऊन त्यांना औषध मिळणार नव्हते. त्या दिवसांत दारात आलेल्या अनोळखी माणसाची भीती वाटत होती. काहींनी नकारही दिला असेल. तो त्यांचा हक्क होता. या लोकांनी मात्र शंका विचारल्या, समजून घेतले आणि हात पुढे केला.

उद्या तुमच्या दारातही असे कोणी येईल. तेव्हा ओळखपत्र पाहा, प्रश्न विचारा आणि मग ठरवा. एका शितावरून साऱ्या भाताची परीक्षा होते. म्हणून त्या एका शिताचे मोल मोठे आहे.

शब्दार्थ
शीत – शिजलेल्या भाताचा एक दाणा
लागण – रोगाचा संसर्ग
प्रौढ – अठरा वर्षे पूर्ण झालेला माणूस
संमती – होकार, परवानगी
मोल – किंमत

स्वाध्याय
१. फक्त वरची फळे पाहणारा व्यापारी का फसतो?
२. प्रतिपिंडांना पायाच्या ठशाची उपमा का दिली आहे?
३. पहिल्या पाहणीतून कोणत्या दोन गोष्टी कळल्या?
४. तुमच्या घरी असे कर्मचारी आले तर तुम्ही त्यांना कोणते प्रश्न विचाराल? पाच प्रश्न लिहा.