घरच्या घरी स्पीकरची दुरुस्ती



दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांना पोथी वाचणे शक्य होत नाही. त्यांना श्रवणाचाच आधार असतो. अशा घरातील स्पीकर घरघरू लागला, की तो निकामी समजून भंगारात दिला जातो. वास्तविक दोष पुष्कळदा किरकोळ असतो. तो कसा ओळखावा, हे येथे थोडक्यात देत आहोत.

स्पीकरमध्ये चुंबकाच्या खाचेत तांब्याच्या तारेची बारीक गुंडाळी असते. तीतून विद्युतप्रवाह वाहिला की ती मागेपुढे हलते आणि तिला जोडलेला कागदी पडदा ध्वनी निर्माण करतो.

प्रथम त्याच वायरला दुसरा स्पीकर जोडून पाहावा. घरघर तशीच राहिली, तर दोष वायरचा अथवा अँप्लिफायरचा समजावा. त्यानंतर वीजपुरवठा बंद करून स्पीकर सोडवावा व पुढील तपासणी करावी.

१) गुंडाळी : दीड व्होल्टच्या सेलच्या तारा स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवाव्यात. ‘टक्’ असा आवाज होऊन पडदा हलला, तर गुंडाळी तुटलेली नाही. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारणतः ६ ते ७ ओहम दाखवतो.

२) कडा : पडद्याभोवतीची फोमची कड दमट हवेने कालांतराने ठिसूळ होते. भोपाळच्या पावसाळ्यात स्पीकर ओलसर भिंतीपासून दूर ठेवावा. झिजलेली कड काढून जुना गोंद स्वच्छ करावा व त्याच मापाची नवी कड लवचीक गोंदाने चिकटवावी. पडदा मध्यभागी राहील याची दक्षता घ्यावी. एक दिवस वाळू द्यावे. कागदाची लहान चीर पातळ टिश्यू कागद व पांढऱ्या गोंदाने सांधता येते.

३) घासणे : पडदा दोन्ही हातांनी समान व हळुवार दाबावा. खरखर जाणवल्यास गुंडाळी जळालेली वा वाकलेली असू शकते. हे काम जाणकार कारागिराकडेच सोपवावे. अँप्लिफायर मात्र घरी उघडू नये. बंद केल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहतो.

पुन्हा जोडताना दोन्ही स्पीकरच्या लाल व काळ्या खुणा सारख्याच जुळवाव्यात, अन्यथा खर्जाचा आवाज क्षीण होतो.

अँप्लिफायरच्या क्षमतेबाहेर आवाज वाढविणे हे गुंडाळी जळण्याचे एक प्रमुख कारण होय. स्वर फाटू लागताच आवाज कमी करावा. शेजाऱ्यांच्या दृष्टीनेही ते इष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे.

सभासदांनी आपल्या घरातील जुना स्पीकर टाकून देण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करावी, ही नम्र विनंती.

— सचिव