रस्त्याचा चौथा घात

खच्चून भरलेला दहा चाकी टिप्पर गावच्या रस्त्यावरून एकदा गेला की त्या रस्त्याचं जेवढं आयुष्य खर्ची पडतं, तेवढं संपवायला साध्या मोटारीला साधारण पंधरा हजार वेळा तिथून जावं लागेल. टिप्परचं वजन मोटारीच्या फार तर वीसपट. मग विसाचे पंधरा हजार होतात कुठे?

भिलाईच्या दक्षिण टोकाला रिसाली आहे. आधी ती भिलाई महापालिकेतच होती, २०१९ साली वेगळी महापालिका झाली. इथून नेवईवरून उतईला आणि पुढे पाटण तालुक्यात उतरलं की सेलूद, चुनकट्टा या गावांच्या पट्ट्यात चुनखडकाच्या खाणी आणि गिट्टीचे क्रशर लागतात. हा खडक छत्तीसगढच्या जुन्या समुद्राच्या तळाशी साचला, त्याला शंभर कोटी वर्षांच्या आसपास झाली असावीत. या थरांत जागोजाग सूक्ष्मजीवांनी रचलेल्या घुमटदार चकत्या सापडतात, भूशास्त्रात त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात. प्राणी-वनस्पती जन्माला यायच्या आधीची ही वस्ती आज फुटून, चाळून, हायवात, म्हणजे टिप्परात, भरून घराच्या स्लॅबमध्ये आणि रस्त्याच्या थरांत जाते. म्हणजे ज्या गिट्टीने रस्ता होतो, तिच्याच वाहतुकीने रस्ता मोडतो.

अशी एखादी खाण वाढवायची असेल तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली परवानगी लागते. लहान दगडखाणी बराच काळ यातून सुटत होत्या. २०१२ साली दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांखालच्या खाणींनाही ती आवश्यक ठरवली. खाणींच्या अहवालात काय काय यावं याची केंद्रीय मंत्रालयाची एक ठरावीक यादी आहे. तिच्यातली एक ओळ मला फार आवडते: प्रकल्पामुळे ट्रक किती वाढतील ते काढा आणि सध्याचे रस्ते, प्रकल्पाच्या हद्दीबाहेरचेसुद्धा, तो वाढीव भार पेलतील का ते सांगा. ओळ साधी दिसते. पण ‘पेलणं’ दोन प्रकारचं असतं, आणि बहुतेक अहवालांत एकच मोजलेलं असतं.

पहिला प्रकार म्हणजे जागा. रस्त्यावर वाहनं मावतात का? त्यासाठी सगळी वाहनं मोटारीच्या मापात बदलतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या कोष्टकात मोटार म्हणजे १, मोटारसायकल किंवा सायकल अर्धी, ट्रक किंवा बस ३. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर साडेचार, म्हणजे ट्रकपेक्षाही जास्त. आणि बैलगाडी? तब्बल ८. इथे वजनाला किंमत नाही, दुसऱ्याला किती खोळंबवता त्याला आहे. बैलगाडीमागे अडकलेल्या कुणालाही हा आकडा पटेल. सपाट प्रदेशातल्या एकपदरी रस्त्याला याच मापाने दिवसाला २,००० एकक झेपतात असं धरतात, दुपदरीला १५,०००.

आता नमुन्यादाखल एक खाण घेऊ. वर्षाला ५०,००० टन काढते, तिला २ लाख टन काढायचे आहेत. कामाचे दिवस ३००, हायवात माल १८ टन. आज दिवसाला नऊ-दहा खेपा निघतात, उद्या ३७ निघतील. प्रत्येक खेपेला एक जाणं आणि एक येणं, म्हणजे ७४ फेऱ्या. ट्रकचे तीन धरले तर २२२ एकक. आजचे पंचावन्न वजा केले तर वाढ १६५ ते १७० एककांची. दोन हजारांच्या रस्त्यावर ही वाढ आठ टक्के. रस्त्यावर आधीच ९०० एकक असतील तरी एकूण बेरीज हजार-अकराशेच्या पुढे जात नाही. अहवाल लिहिणारा निर्धास्तपणे लिहितो, रस्ता वाढीव भार पेलू शकतो. गणितात चूक एकही नाही.

दुसरं पेलणं अंगातलं. त्याचं गणित अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ सापडलं, तेही एका विलक्षण हट्टापायी. १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं तिथे बंदिस्त वळसे बांधून त्यांवर वेगवेगळ्या जाडीच्या रस्त्यांचे ८३६ तुकडे घातले आणि सैन्यातले चालक भरलेले ट्रक त्यांवर गोल गोल फिरवत राहिले. कुठेही जायचं नाही, काही पोचवायचं नाही, फक्त रस्ता मोडेपर्यंत चालवायचं. आसांच्या ११ लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या. एक वळसा तर बिनवाहतुकीचा ठेवला, नुसत्या उन्हापावसाने रस्ता किती खराब होतो ते कळावं म्हणून. हाती आलेल्या आकड्यांतून नियम निघाला तो असा की आसावरचा भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होतं. भाराचा चौथा घात. हा चार कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही, निव्वळ मोडलेल्या रस्त्यांकडून आला आहे. रस्ता आणि माती बदलली की तो थोडा वरखाली होतो, पण जगभरचे अभियंते आजही याच आधाराने रस्त्यांची जाडी ठरवतात.

सुरुवातीचे पंधरा हजार इथून येतात. भारतात ८० किलोन्यूटनचा, म्हणजे सुमारे ८.१६ टनांचा आस प्रमाण मानतात. कायदेशीर साडेअठ्ठावीस टनांचा भरलेला हायवा एका फेरीत अशा सुमारे पाच प्रमाण आसांएवढं काम करतो. रिकामा परतताना एक-चतुर्थांश आसाएवढंसुद्धा नाही. दुपदरी रस्त्यावर हे डोळ्यांना दिसतं: खाणीकडून शहराकडे जाणारी बाजू चाकोऱ्यांनी खचलेली असते, शहराकडून खाणीकडे येणारी तुलनेने धड. मोटारीच्या मापातली मोजणी दोन्ही बाजूंना सारखीच भरेल. फेऱ्या सारख्या, रस्ता एकच, आणि नुकसानीत वीसपटीचा फरक!

आता तीच खाण दुसऱ्या गणिताने पाहू. रोजच्या ३७ भरलेल्या खेपा गुणिले पाच गुणिले ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ५५,५०० प्रमाण आस. गावाकडचे बरेचसे रस्ते दहा वर्षांच्या आयुष्यासाठी बांधतात, आणि कमी वाहतुकीच्या रस्त्यांसाठीच्या संहितेत त्यांचे वर्ग या दहा वर्षांत जाणाऱ्या प्रमाण आसांवरूनच पाडलेले आहेत. समजा रस्ता एक लाख आसांसाठी बांधलेला आहे. आजच्या उत्पादनाला तो सात वर्षं पुरला असता. वाढीव खाण त्याला दोन वर्षांच्या आत संपवते. त्यात शेतमाल, बस, सिमेंटच्या गाड्या धरलेल्याच नाहीत. एकाच खाणीची एकच वाढ: एका कोष्टकात आठ टक्के, दुसऱ्यात रस्त्याचं मरण. अहवालात पहिलं कोष्टक आहे आणि दुसरं नाही, असं दिसलं की माझ्या मते तो अहवाल वाहतुकीचा नाहीच, गर्दीचा आहे.

चौथ्या घाताचा खेळ ट्रक ‘थोडासा’ जास्त भरला की कळतो. आसावर वीस टक्के जादा भार म्हणजे दुप्पट नुकसान. आणि हे बेकायदाच असावं लागतं असं नाही. जुलै २०१८ मध्ये केंद्राने आसांच्या मर्यादा वाढवल्या, चार टायरच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. भारात वाढ तेरा टक्क्यांच्या आत, नुकसानीत साठ टक्क्यांच्या वर. वाहतूकदारांची एका खेपेत जास्त माल नेण्याची सोय झाली हे खरंच, पण गावोगावचे जुने रस्ते काही त्या दिवशी जाड झाले नाहीत.

रस्ता मोडतो तो बहुधा कडेने. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्याची रुंदी पुष्कळदा पावणेचार मीटर. हायवा सुमारे अडीच मीटर रुंद. दोन समोरासमोर आले तर एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. दिवसाला ७४ फेऱ्या म्हणजे दहा तासांच्या दिवसात दर आठ मिनिटांना एक, आणि खेपा कधी एकसारख्या अंतराने निघत नाहीत. क्रशरवर भरणी सुरू झाली की चार गाड्या एकदम सुटतात. डांबराच्या कडेला बाजूने आधार नसतो. मागच्या आसाची चाकं तिच्यावरून उतरतात-चढतात, कड तुटते, तिथे पाणी साचतं आणि ते आत खालच्या मातीत शिरतं.

इथे छत्तीसगढची माती बोलायला लागते. शेतकरी तिला चार नावांनी ओळखतो: भाठा, मटासी, डोरसा, कन्हार. भाठा मुरमाड, पाणी सोडणारी. कन्हार काळी, पावसात फुगणारी, उन्हात भेगाळणारी. भाठ्यावर वर्षानुवर्षं टिकणारा थर कन्हारावर, तोही भर पावसाळ्यात, त्याच हायवाखाली भुईत रुततो. वाहतुकीच्या अभ्यासात मातीचा हा रकाना कोरा असेल तर आसांचं गणित अर्धंच राहतं.

मोजणी कधी केली, हेही पाहावं. कोपऱ्यावर खुर्ची टाकून बसलेला माणूस चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणा करत वाहनं मोजतो. मे महिन्यात मोजली तर रस्ता निवांत. नोव्हेंबर ते जानेवारीत मात्र सरकारी धान खरेदी चालू असते आणि सोसायटीसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. एकेक ट्रॉली साडेचार एककांची! पाऊस ओसरल्यावर बांधकामं जोरात, म्हणजे गिट्टीची मागणीही याच सुमाराला. दोन्ही गर्द्यांची एकाच रस्त्यावर गाठ पडते, आणि कागदावर मेचा आकडा.

शेजाऱ्यांचं काय, हा आणखी एक पेच. २०१६ पासून नियमात समूहाची कल्पना आली. दोन खाणींच्या हद्दींत ५०० मीटरांहून कमी अंतर असेल तर त्या एकत्र धरायच्या. समूह पाच हेक्टरांच्या पुढे गेला की जनसुनावणीची वेळ येते. हे झालं ते चांगलंच. पण धुळीला आणि स्फोटाच्या हादऱ्याला ५०० मीटरांचा काही अर्थ आहे, रस्त्याला नाही. दोन किलोमीटर दूर असलेल्या खाणींचा माल पुढच्या तिठ्यावर एकाच डांबरावर येतो, आणि प्रत्येकीच्या अहवालात फक्त स्वतःच्याच गाड्या असतात. आठ-आठ टक्के सगळ्यांनी लिहिले आहेत, त्यांची बेरीज कुणीच लिहिलेली नाही.

भिलाईला दुसरी वाट ठाऊक आहे. १९५९ साली सुरू झालेल्या इथल्या पोलाद कारखान्याला भट्टीसाठी चुनखडक लागतो, तो उत्तरेकडच्या नंदिनी खाणीतून रेल्वेने येतो. अठ्ठावन्न डब्यांची एक मालगाडी साडेतीन हजारांहून जास्त टन नेते, म्हणजे सुमारे दोनशे हायवांचा माल एका रुळावर. पण सेलूदसारख्या पट्ट्यातल्या पाच-पाच हेक्टरांच्या खाणींना कोण साइडिंग घालून देणार? त्यांचा माल रस्त्यानेच जाणार, हे धरून चालावं लागतं.

आणि इथेच चौथ्या घाताची दुसरी, दिलासा देणारी बाजू समोर येते. दहापट आस पेलायला रस्ता दहापट जाड करावा लागत नाही. जाडीचे काही इंच वाढले की आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं. नमुन्यातल्या खाणीचे साडेपाच लाखांहून थोडे जास्त आस दहा वर्षं सोसणारा रस्ता लाखाच्या रस्त्याहून थोडाच महाग पडतो, साइडपट्टी मुरमाने दाबून कड पक्की केली तर आणखी टिकतो. मात्र हे इंच चाकोऱ्या पडायच्या आधी घालावे लागतात. पाणी एकदा कन्हारात उतरलं की वरून थर चढवून भागत नाही, सगळं उकरून तळापासून भरावं लागतं आणि खर्च त्याप्रमाणे चढतो. खाणबाधित भागासाठी २०१५ पासून जिल्हा खनिज निधी आहे, रस्त्यांवर त्यातून खर्च करता येतो. मग परवान्याच्या अटींत ‘वाहतूक रस्त्याची देखभाल करावी’ एवढंच लिहायचं, की रस्ता आधी जाड झाल्याशिवाय पन्नास हजार टनांच्या वर एकही खेप निघणार नाही असं, हे जनसुनावणीत बसलेल्या सरपंचाने विचारायला हरकत नाही. अहवालात हायवाचे पाच आस धरले आहेत की नाहीत, तेवढं मात्र त्याआधी पाहून घ्यावं.