‘अॅक्सेस डिनाइड’ म्हणजे माहिती गेली असे नव्हे!

प्रतिनिधी, नाशिक

महिन्याची १९ तारीख. सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या छोट्या कारखान्याचे कार्यालय डोळ्यांपुढे आणा. दुसऱ्या दिवशी जीएसटीचे ‘३-बी’ विवरणपत्र भरायचे आहे आणि हिशेबाचे फोल्डर उघडायला जावे तर पडद्यावर ‘अॅक्सेस डिनाइड’ची पाटी! इतरांनी हिशेब पाहू नये म्हणून कुणीतरी आदल्या दिवशी फोल्डरच्या परवानग्यांत ‘एव्हरीवन’ या नावापुढे ‘डिनाय’ची खूण केलेली असते. ‘एव्हरीवन’मध्ये आपणही मोडतो, हे त्याच्या ध्यानात आलेले नसते. मग दुरुस्तीवाल्याला फोन जातो आणि पुष्कळदा उत्तर मिळते, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’

हा सल्ला मानण्यापूर्वी थोडे थांबावे. फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात. बदललेली असते ती त्यांच्यापर्यंत कोणी जावे याची नोंद.

विंडोज ९८च्या काळात घरगुती संगणकावर अशी नोंदच नव्हती. १९९३ मध्ये विंडोज एनटीबरोबर ‘एनटीएफएस’ ही पद्धत आली आणि २००१च्या एक्सपीनंतर ती घरोघरी पोहोचली. तिच्यात प्रत्येक फोल्डरचा एक मालक नोंदलेला असतो आणि कोणाला काय करता येईल याची यादी वेगळी असते. सातबाऱ्यावर जमीन एकाच्या नावे आणि कसणारा दुसरा, तसाच हा प्रकार. एकाच फोल्डरच्या यादीत होकार आणि नकार दोन्ही असतील, तर नकार वरचढ ठरतो. मात्र यादीत मालकालाच मज्जाव झाला, तरी यादी दुरुस्त करण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. सुटकेची वाट इथेच आहे.

फोल्डरवर माऊसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, तेथून ‘सिक्युरिटी’ व ‘अॅडव्हान्स्ड’ येथे जावे. ‘डिनाय’ लिहिलेली ओळ निवडून ती ‘रिमूव्ह’ करावी आणि ‘एनेबल इन्हेरिटन्स’ हे बटण दिसत असल्यास दाबावे. वरच्या फोल्डरच्या परवानग्या पुन्हा लागू होतात. बहुतेक प्रकरणे एवढ्यावर मिटतात. फोल्डर नेटवर्कवरून वापरले जात असेल, तर हे काम ते ज्या संगणकावर आहे तेथेच करावे. शिवाय ‘शेअरिंग’च्या परवानग्या निराळ्या असतात आणि दोहोंपैकी जी कडक, तीच चालते.

जुन्या संगणकाची डिस्क नव्याला जोडली किंवा विंडोज नव्याने टाकले, तरी हाच अनुभव येतो. यूजरचे नाव तेच, मग अडते कुठे? विंडोज नावावर जात नाही. प्रत्येक खात्याला असलेला लांबलचक क्रमांक ते पाहते आणि नव्या खात्याचा क्रमांक नवा असतो. अशा वेळी फेरफार करून घ्यावा लागतो. अॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून त्याच ‘अॅडव्हान्स्ड’ पानावर ‘ओनर’पुढील ‘चेंज’ निवडून आपले नाव द्यावे, ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स’पुढे खूण करावी आणि मग स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्यावा.

खरा धोका सी ड्राइव्हचा. ‘एकदाची कटकट मिटवू’ म्हणून संपूर्ण सी ड्राइव्हवर ‘एव्हरीवन – फुल कंट्रोल’ देणारे महाभाग कमी नाहीत. यंत्रणेच्या असंख्य फाइलींचे मालक आणि याद्या वेगवेगळ्या असतात. त्या एका फटक्यात सारख्या केल्या, की अपडेट अडतात, प्रोग्राम उघडेनासे होतात आणि व्हायरसला रान मोकळे मिळते. इंटरनेटवर सुचविली जाणारी ‘आय-सी-ए-सी-एल-एस’ ही आज्ञा ‘रिसेट’सह आपल्या फोल्डरवर चालवायला हरकत नाही. सी ड्राइव्हवर मात्र तिने घोटाळा वाढतो, कारण मूळ याद्या तिला ठाऊक नसतात. तेथे आधी सर्व माहिती बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावी आणि विंडोज सुरू होत असेल तर त्याचा सेटअप आतूनच चालवून ‘कीप पर्सनल फाइल्स अँड अॅप्स’ निवडावे. सुरू होत नसेल, तर ‘रिसेट धिस पीसी’मधील ‘कीप माय फाइल्स’ उरते. त्यात फाइली राहतात, पण हिशेबाचे सॉफ्टवेअर पुन्हा टाकावे लागते.

नावापुढे छोटे कुलूप दिसणारी फाइल मात्र सांकेतिक रूपात साठवलेली असते. मालकी मिळवूनही ती वाचता येत नाही; ज्या खात्याने कुलूप लावले, त्याचे सर्टिफिकेट लागते. ते जपून ठेवलेले नसेल आणि विंडोज पुसले गेले, तर ती फाइल बहुधा कायमची गेली. फॉरमॅट मारण्याची घाई सर्वांत महाग पडते ती इथे. बाकीच्या फाइलींना मात्र परवानगीची नोंद म्हणजे कुलूप नव्हे. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू केले, की डिस्कवर ‘बिटलॉकर’ नसल्यास विंडोजची ही यादी न विचारता फाइली उघडतात. अडचणीत सापडलेल्याला हा दिलासा आहे. दुरुस्तीच्या दुकानात संगणक ठेवून येणाऱ्याला कदाचित नसेल.