सहलेखन आणि परीक्षण : इंदापूर व सुपे येथील दोन प्रकरणांच्या आधारे

अनेकांनी मिळून सिद्ध केलेल्या शोधनिबंधासंबंधी दोन प्रश्न मूलभूत होत. एकाने जमविलेली सामग्री दुसऱ्याने कोणत्या रीतीने तपासावयाची, हा पहिला. आणि निष्कर्षाविषयी मतभेद उरल्यास त्याची व्यवस्था कशी लावावयाची, हा दुसरा. इंदापूर व बारामती या तालुक्यांशी निगडित असलेले एकोणिसाव्या शतकातील दोन अहवाल या प्रश्नांवर चांगला प्रकाश टाकतात. ते शोधनिबंध नसून सरकारी कागद आहेत. परंतु सामग्री, तपासणी आणि निष्कर्ष यांचा परस्परसंबंध दोहोंकडे सारखाच आहे.

१८३० च्या सुमारास पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने जमिनीची आकारणी केली. खर्च वजा जाता उरणारे निव्वळ उत्पन्न हा त्याचा पाया होता. उपपत्ती तर्कशुद्ध होती. मात्र तिला लागणारे आकडे हाताखालच्या नोकरांनी गोळा केलेले होते व त्यांची पुरेशी पडताळणी झाली नाही. परिणामी धारा अनेक ठिकाणी जमिनीस न पेलणारा ठरला व शेते पडीक राहू लागली.

ही चूक सुधारण्याचे काम १८३५ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी आरंभिले. उत्पन्नाचा अंदाज बाजूस ठेवून त्यांनी जमिनीचा पोत, रंग आणि खोली यांवरून प्रतबंदी केली. एकंदर नऊ प्रती ठरविल्या व त्यांचे सापेक्ष मोल आण्यांत मांडले. चुनखडी, वाळू, उतार यांसारख्या प्रत्येक दोषास चिन्ह दिले. एक दोष आढळल्यास जमीन एक प्रत खाली उतरे. यामुळे कारकुनाने लावलेली प्रत वरिष्ठास त्याच शेतात उभे राहून पुन्हा तपासता येई. गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने ही पद्धती मुंबई इलाख्यासाठी स्थिर केली. तथापि तिची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. तपासणी प्रतीची होती, दराची नव्हे. दर अधिकाऱ्याच्या अजमासावरच अवलंबून राहिला. शिवाय शेतोशेत हिंडून खड्डे खणणारे व नोंदी करणारे अनेक असूनही अहवाल मात्र तिघांच्या नावाचा राहिला.

दराचा हा प्रश्न पुढे पुन्हा उभा राहिला. तीस वर्षांची मुदत संपल्यावर इंदापुरात १८६७ मध्ये आणि नंतर शेजारच्या भागांत धारा वाढविण्यात आला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी सावकारांविरुद्ध दंगल उसळली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने कर्जबाजारीपणावर मुख्य भर दिला. ऑकलंड कॉल्व्हिन या सदस्याने मात्र धारावाढीस अधिक वजन देणारे स्वतंत्र टिपण लिहिले. ते गाळले न जाता आयोगाच्या कागदपत्रांत समाविष्ट झाले. म्हणूनच रविंदर कुमार यांच्यासारख्या विसाव्या शतकातील इतिहासकारांना हा वाद पुन्हा उकलता आला. एकमताचा देखावा केला असता तर ती वाट बंद झाली असती.

या दोन प्रकरणांवरून सहलेखनाचे नियम काढता येतात. नोंदींची परिभाषा लेखनापूर्वी ठरवावी व काही नोंदी दुसऱ्या सहलेखकाने मूळ स्थळी वा मूळ कागदावरून पुन्हा घ्याव्यात. परीक्षकाने भाषा व मांडणी यांवर न थांबता सामग्रीपासून निष्कर्षापर्यंतची प्रत्येक पायरी पाहावी. विशेषतः जेथे मोजमाप संपून अजमास सुरू होतो ती जागा हुडकावी. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याचा वाटा स्पष्ट नोंदवावा, आणि ज्याची सही आहे त्याने संपूर्ण निबंधाबद्दल उत्तर देण्याची तयारी ठेवावी. मतभेद मिटत नसेल तर तो कारणांसह छापावा. चर्चेतून पटलेले एकमत हे ज्ञानाचे लक्षण होय. संकोचापोटी दिलेली संमती ही केवळ सहीच राहते.